जाम झालेलं पायमशीन सोडवताना

वर्षानुवर्षं बंद असलेल्या पायमशीनचं, म्हणजे पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं, चाक फिरत नसेल, तर जोर लावू नका. आधी शटलपाशी (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते तिथे) दोरा अडकलाय का ते बघा. बहुतेकदा दोष गंजाचा नसतोच. जुनं तेल सुकून राळेसारखं घट्ट झालेलं असतं. तेलाच्या प्रत्येक भोकात, सांध्यात रॉकेलचे थेंब सोडा (जवळपास आग नको), रात्रभर मुरू द्या आणि चाक हलक्या हाताने पुढेमागे करा. सुटलं की मळ पुसून शिलाई मशीनचंच तेल घाला. खोबरेल अजिबात नको, पुन्हा चिकटतं. सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट लावू नका. जुन्या मशीनवर शेलॅकचा (लाखेच्या वार्निशचा) थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो आणि नक्षीही जाते. चामडी पट्टा सैल असेल तर किंचित कापून पुन्हा जोडला की झालं.