व्हिसावर असलात तरी गन सेफ्टी बिलाला ‘प्रो’ (म्हणजे पाठिंबा) कसं नोंदवायचं (वॉशिंग्टन राज्यवाल्यांसाठी)

परवा पॉटलकला परत तोच विषय निघाला. एकीची लेक तिसरीत आहे, ती जेवता जेवता सहज सांगत होती की आज लॉकडाऊन ड्रिल होतं (शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा सराव), दिवे बंद करून सगळे कोपऱ्यात गप्प बसलो. सगळे हळहळले आणि मग नेहमीचं वाक्य आलंच, आपल्याला इथे मत कुठे आहे, आपण काय करणार. अहो मत नसेना, ऑलिंपियाला, म्हणजे आपल्या राज्याच्या राजधानीत, आवाज पोचवायला सिटिझनशिप लागत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट. या राज्यात लोकांचा पाठिंबा आहे की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. खाजगी विक्रीलाही बॅकग्राउंड चेक हवा हे २०१४ मध्ये लोकांनी थेट मतदानाने पास केलं, ५९ टक्क्यांनी. धोकादायक माणसाकडची बंदूक कोर्टाच्या ऑर्डरने काढून घ्यायचा कायदा २०१६ मध्ये, तो तर जवळजवळ ७० टक्क्यांनी. पण बिल कमिटीत येतं तेव्हा विरोधातले लोक न चुकता नाव नोंदवतात, आणि आपण पाठिंबावाले घरी चहा पीत बसतो.

तर करायचं काय. लेजिस्लेचरचं, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचं, सेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी फक्त ६०, त्यामुळे फेब्रुवारीत बघू म्हणालात तर बिल तोवर मेलेलं असू शकतं, कारण कमिटीतून बाहेर पडायला कटऑफ असतो. लेजिस्लेचरच्या साइटवर बिलाचा नंबर टाका. दोन सभागृहांपैकी हाउसमध्ये बंदुकांची बिलं बहुतेक सिव्हिल राइट्स अँड ज्युडिशिअरी कमिटीकडे जातात, सिनेटमध्ये लॉ अँड जस्टिसकडे. हिअरिंगची (कमिटीपुढच्या सुनावणीची) तारीख कधीकधी दोनचार दिवस आधीच कळते, तेव्हा डोळा ठेवा.

तारीख लागली की साइन इनच्या पानावर कमिटी, हिअरिंग, बिल निवडा. बोलायचं नसेल तर नुसती पोझिशन नोंदवायचा ऑप्शन आहे, तिथे ‘प्रो’ निवडा, झालं, दोन मिनिटंही लागत नाहीत. फक्त हिअरिंग सुरू व्हायच्या एक तास आधी ते बंद होतं, मी एकदा मीटिंगमध्ये अडकले आणि चुकलं. आणि हो, हे सगळं पब्लिक रेकॉर्ड होतं, तेव्हा लिहाल ते जपून.

बोलायचं असेल तर झूमवरून घरातून बोलता येतं. वेळ मिळतो एखाददोन मिनिटं, गर्दी असेल तर तेवढाही नाही, म्हणून नाव, गाव, बिल नंबर, ‘आय सपोर्ट’ हे पहिल्याच वाक्यात. आकडेवारी वाचू नका हो, ती त्यांच्याकडे ढीगभर असते, तुमच्या मुलीचं ड्रिल त्यांच्याकडे नसतं. विरोधात बोलणारे पण शेजारीच असतात, शिकारीवाले असतात, त्यांना टोमणे नकोत. नंबर लागलाच नाही तर हिअरिंग सुरू झाल्यापासून २४ तास लेखी देता येतं.

तुमच्या डिस्ट्रिक्टचा एक सिनेटर आणि दोन रिप्रेझेंटेटिव्ह असतात. फोन करायचा तर लेजिस्लेटिव्ह हॉटलाइन आहे, १-८००-५६२-६०००, तिथली माणसं निरोप लिहून तिघांनाही पाठवतात. ॲक्सेंटचं टेन्शन घेऊ नका.

काय करायचं नाही ते पण ऐका. इनिशिएटिव्हच्या (एखादा कायदा थेट लोकांच्या मतदानाला आणायच्या अर्जाच्या) कागदावर सही फक्त रजिस्टर्ड मतदारांनी करायची, कॉस्टकोबाहेर कोणी गोड बोलून क्लिपबोर्ड पुढे केला तरी ग्रीन कार्डवाल्यांनी पण नाही. आणि एच-१बीवर असाल तर कुठल्याही उमेदवाराला डोनेशन नाही, पाच डॉलरही नाही.

हे सगळं करून फरक पडतो का? २०२५ मध्ये बंदूक घ्यायच्या आधी परमिट लागेल असं बिल पास झालं, एचबी ११६३, मे २०२७ पासून लागू. ते तसंच राहील याची गॅरंटी नाही, पुढच्या सेशन्सना कोणी ते बदलायला बघितलं तर त्याचीही हिअरिंग लागेल, आणि तिथे मात्र ‘कॉन’ (म्हणजे विरोध) दाबायचं, सवयीने ‘प्रो’ नका दाबू.