मळ्यात घर बांधताय? मग संडासची टाकी आधी बघा

निफाड-पिंपळगावकडं मळ्यात बंगले झकास होतात, पण संडासची टाकी मात्र गवंडी म्हणेल तिथं अन् म्हणेल तेवढी. तसं नका करू राव. टाकीत होतं काय, तर गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते अन् मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं, म्हणजे टाकी मैला पूर्ण संपवत नाही, बाहेर पडणारं पाणी घाणच असतं, म्हणून शोषखड्डा विहीर-बोअरपासून निदान 18 मीटर लांब अन् उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

टाकीला दोन कप्पे, पहिला मोठा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाईपला टी (T आकाराचा जोड) लावून घ्या, नाहीतर साय थेट शोषखड्ड्यात जाते न् तो चोक होतो. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथं खड्डा मोठा लागतो. इगतपुरी-त्र्यंबककडं तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणीच वर येतं, तिकडं खोल खड्डा काढून उपयोग नाही. व्हेंट पाईपला (टाकीतला गॅस वर सोडणारा पाईप) जाळी बांधा, डास कमी होतात.

2-3 वर्षांनी टँकरनं उपसा. आम्ही झाकणावर फरशी घातली होती, उपसायच्या दिवशी ती फोडावी लागली, बायको अजून ऐकवते! ॲसिड सारखं-सारखं ओतू नका, कुजवणारे जंतू मरतात. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही, आतल्या गॅसनं मिनिटात जीव जातो, शिवाय 2013 च्या हातानं मैला सफाई बंदीच्या कायद्यानं तो गुन्हा आहे.