बेळगावात अपॉइंटमेंट नसते, नंबर असतो

आम्ही 2003 च्या जूनमध्ये फलटणहून बेळगावला आलो. ह्यांना उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम लागलं होतं आणि अनगोळात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. इथल्या पावसाबद्दल मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. फलटणच्या माणसाला पाऊस म्हणजे दोन सरी आणि मग आभाळाकडे बघत बसणं. इथं पंधरा दिवस कपडे वाळले नाहीत आणि सोळाव्या दिवशी धाकटा तापानं फणफणला. शेजारच्या काकूंनी मुलांच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. मी पीसीओवरून फोन लावला आणि शहाण्यासारखं म्हटलं, "अपॉइंटमेंट हवी होती."

पलीकडची बाई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "तसलं काय नसतंय वो. येऊन नंबर लावा."

"किती वाजता येऊ?"

"सकाळी."

"आणि डॉक्टर किती वाजता येतात?"

"येतात की."

त्या 'येतात की'चा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली. दरवर्षी महाराष्ट्रातून नोकरीसाठी, बदलीवर, लग्न करून नवी माणसं इथं येतात आणि पहिल्याच आजारपणात माझ्यासारखीच गोंधळतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मोठ्या हॉस्पिटलांत आता ऑनलाइन बुकिंग आलंय, पण गल्लीतल्या, बाजारातल्या, टिळकवाडीतल्या दवाखान्यांचा कारभार आजही बराचसा तसाच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नंबर लावणं आणि डॉक्टर भेटणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती दोन वेगळ्या माणसांनी केली तरी चालतात. काही ठिकाणी दाराबाहेर दोरीला वही बांधलेली असते. सकाळी सात वाजता जाऊन तिच्यात आपलं आपण नाव लिहायचं. काही ठिकाणी फोनवर नंबर घेतात, पण फक्त आठ ते साडेआठ. त्या अर्ध्या तासात फोन सतत बिझी आणि आठ एकतीसला 'आजचे नंबर संपले.' घरातल्या कुणाला तरी दूध आणायला जाता-जाता वहीत नाव लिहून यायला सांगा. आमच्याकडे हे काम सासूबाई करायच्या. कपिलेश्वराला जाताना सगळ्या गल्लीचे नंबर लावून यायच्या.

नंबर मिळाला म्हणजे वेळ मिळाली असं नाही. पाटीवर 'सकाळी 10 ते 1' लिहिलेलं असतं, ते डॉक्टर बघत नाहीत, फक्त पेशंट बघतात. त्यांचा सकाळचा वेळ कुठल्यातरी मोठ्या दवाखान्यात राउंड घेण्यात जातो आणि तिथून ते आपल्या क्लिनिकवर येतात. हाडांचे, बायकांचे, पोटाचे डॉक्टर असतील तर त्यांचे ऑपरेशनचे वार ठरलेले असतात, आणि त्या दिवशी बाराच्या आत ते येणं अवघड. म्हणून 'डॉक्टर कधी येतात' हे विचारूच नका. विचारायचं ते असं: "आज ओटी आहे काय?" ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. या एका प्रश्नावर कंपाउंडर तुमच्याकडे मान वर करून बघतो. बाई इथलीच आहे, असं त्याला वाटतं आणि तो खरं सांगतो: "हाय वो. तुम्ही घरला जाऊन जेवून येवा."

कंपाउंडरचं किंवा रिसेप्शनवरच्या पोरीचं नाव माहीत करून घ्या. लाच देऊ नका, तशी गरजही नसते. नावानं हाक मारली आणि दिवाळीला कुंद्याची, म्हणजे इथल्या मिठाईची, एक छोटी डबी नेली की पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलला जातो. डॉक्टर तुम्हाला विसरतील, तो विसरत नाही.

मधूनच टाय लावलेले, बॅगवाले एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आत जातात. दोन पेशंटमागे एक एमआर हा हिशेब धरूनच वेळ मोजा. त्यावर चिडून काही होत नाही, मी चिडून बघितलंय.

गर्दीचंही एक गणित आहे. बेळगावचे दवाखाने फक्त बेळगावकरांचे नाहीत. खानापूर, बैलहोंगल, हुक्केरीकडची माणसं सकाळच्या बसनं येतात. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलीही येतात, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. साडेनऊ-दहाला त्या बसेस उतरल्या की बाकडी भरतात. परतीची बस चुकू नये म्हणून कंपाउंडर त्यांना आधी सोडतो. पहिली काही वर्षं मी यावर भांडायचे: "माझा नंबर नववा, ह्या आज्जी मागून आल्या, त्या आत कशा?" एकदा त्या आज्जीच वळून म्हणाल्या, "बाई, जांबोटीच्या पुढनं आलोय. अंधारात निघालोय घरातनं." माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. तेव्हापासून मी दुखणं तसं तातडीचं नसेल तर संध्याकाळी सहानंतर जाते. गावाकडची गर्दी ओसरलेली असते आणि डॉक्टरांनाही दोन शब्द बोलायला सवड असते. सोमवार मात्र सकाळ-संध्याकाळ दोन्ही टाळा. रविवारी अंगावर काढलेली सगळी दुखणी सोमवारी बाहेर पडतात.

आता भाषा. बेळगाव शहरात मराठीवर निभावतं, कानडी डॉक्टरही छान मराठी बोलतात. पण पाट्या आता कानडीत मोठ्या आणि बाकी भाषांत छोट्या असतात, कधी नसतातही. 'भानुवार' म्हणजे रविवार, 'बेळिग्गे' म्हणजे सकाळ, 'संजे' म्हणजे संध्याकाळ एवढं पाठ असलं की पाटीवरची वेळ कुणालाही वाचायला सांगून समजून घेता येते. सुट्टीला तेही 'रजा'च म्हणतात. खरी पंचाईत आकड्यांची. माझा कान दुखत होता, तेव्हा एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे माझा तेविसावा नंबर होता. मी दीड तास बसले. बावीस आला, चोवीस गेला, पंचवीसही गेला. उठून विचारलं तर पोरगी म्हणाली, "दोनदा वरडले की वो, इप्पत्तमूर, इप्पत्तमूर म्हणून!" एक तर कान दुखतोय, त्यात कानडी आकडा. तर हत्त म्हणजे दहा, इप्पत्त म्हणजे वीस, मूवत्त म्हणजे तीस. आपला नंबर कानडीत कसा म्हणतात ते बसायच्या आधीच विचारून ठेवा.

चिक्कोडी, गोकाक, अथणीच्या बाजूला नोकरी असेल तर थोडं जास्त लागेल. 'ज्वर बंदैत्री' म्हणजे ताप आलाय, 'होट्टी ब्यानी' म्हणजे पोटदुखी, 'डॉक्टर इन्ना बंदिल्लरी' म्हणजे डॉक्टर अजून आले नाहीत. हे शेवटचं तुम्ही न शिकवता शिकाल. 'नाळी बर्री', उद्या या, हेही. 'कन्नडा बरंगिल्लरी', म्हणजे कानडी येत नाही, हे हसून म्हटलं की बहुतेक माणसं मदतच करतात. सीमावादाच्या बातम्या वाचून आलेली माणसं दवाखान्यातही ताठ बसतात. बाकड्यावर तसलं काही नसतं, तिथं सगळ्यांनाच आपला नंबर लवकर यावा एवढंच हवं असतं.

(आणि बायकांसाठी एक टीप. 'पाळी' म्हणजे नंबर. हे इकडच्या कानडीतही चालतं. बायकांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शेजारच्या मावशींनी मला "तुमची पाळी कधी?" असं विचारलं, तर मी तारीख सांगितली. त्यांना फक्त माझा नंबर विचारायचा होता.)

पण सगळ्यात महत्त्वाचं काम यातलं कुठलंच नाही. घर लावून झालं, गॅस जोडला, की त्याच आठवड्यात, कुणीही आजारी नसताना, गल्लीतला एक साधा डॉक्टर गाठा. एमबीबीएस असो वा बीएएमएस, म्हातारा असला तर उत्तमच. बीपी तपासायच्या निमित्तानं जा, पैसे द्या, सगळ्यांची नावं सांगून या. याचं कारण असं की इथं स्पेशालिस्टकडे वेळ मिळते ती चिठ्ठीनं. परक्या माणसाला 'पुढच्या गुरुवारी या' म्हणणारा दवाखाना आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी बघून त्याच संध्याकाळी आत घेतो. धाकट्याच्या त्या पहिल्या तापात आमच्याकडे अशी चिठ्ठी नव्हती, म्हणून तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी काकूंच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नुसता फोन केला आणि अर्ध्या तासात काम झालं. ते डॉक्टर आता नाहीत. आमच्या घरातल्या तिघांचा रक्तगट त्यांना तोंडपाठ होता.

मोठ्या दवाखान्यांबद्दल थोडं. नेहरूनगरात केएलई संस्थेचं हॉस्पिटल आहे, त्यांचं मेडिकल कॉलेज 1963 सालचं. सरकारी जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, पण रिक्षावाल्याला 'सिव्हिल' सांगा. दोन्हीकडे आधी केसपेपर काढायचा, मग त्या-त्या विभागाच्या बाहेर पुन्हा रांग. जाल तर सकाळी लवकर आणि डबा घेऊन. किरकोळ ताप-खोकल्यासाठी 'नम्म क्लिनिक' ही सरकारी सोय डिसेंबर 2022 पासून सुरू झालीय, तिथं पैसे पडत नाहीत. नम्म म्हणजे आपलं. कारखान्यात पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, कापला जातो; कार्ड हातात आल्याशिवाय साहेबाला सोडू नका.

ऑनलाइनचा माझा अनुभव विचाराल तर एकदाच घेतला. एका खासगी हॉस्पिटलच्या फोनवर कानडीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काही दाबायची सोय नाही. वीस मिनिटं गाणं ऐकून फोन कटला. मग लेकीनं मोबाइलवर 11 वाजून 20 मिनिटांची वेळ घेऊन दिली. मी अकराला हजर. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ते ऑनलाइनचं वेगळं मॅडम, इथं टोकन घ्यावं लागतंय." टोकन 41.

रेशन कार्डाचा विषय कंटाळवाणा आहे, पण पैशाचा आहे. इथली योजना म्हणजे आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. एपीएल असेल तर ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के आणि तेही दीड लाखापर्यंत. यातही चिठ्ठीच आहे: तातडीचं नसेल तर थेट खासगी दवाखान्यात जाऊन उपयोग नाही, आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथली रेफरल चिठ्ठी घ्यावी लागते. ती न घेता अॅडमिट झालेली आणि मग बिल बघून घाम फुटलेली दोन घरं माझ्या ओळखीत आहेत. तिकडचं महाराष्ट्राचं कार्ड असेल तर ते महात्मा फुले योजनेत तिकडच्या दवाखान्यांत चालतं. दोन्ही राज्यांत कार्ड ठेवता येत नाही. म्हणून घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलेलं असेल तर नाव कमी करून इकडं आणण्याची घाई करू नका, आधी ते उरकून घ्या.

यातून निघतो सीमेवरचा खास प्रश्न: दाखवायचं कुठं? निपाणीची माणसं सरळ कोल्हापूरला जातात, संकेश्वरची गडहिंग्लजला, अथणी-कागवाडची मिरजेला. मिरज हे दवाखान्यांचंच गाव. वॉन्लेस साहेबांनी 1894 साली तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून इकडची माणसं तिकडं जातायत. बेळगावात सगळं मिळत असूनही अनेक जुनी घरं डोळ्यांसाठी नाहीतर हृदयासाठी मिरज-कोल्हापूर सोडत नाहीत. तुम्हीही जाल, कारण तिथं फोनवर वेळ मिळते आणि मराठीत मिळते.

फक्त जाताना बसच्या भरवशावर राहू नका. 2022 च्या डिसेंबरमध्ये सीमावाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या बसेस थांबल्या. माझ्या जावेची कोल्हापूरला पाच आठवड्यांपूर्वी घेतलेली वेळ होती, ती गेली. पुन्हा फोन केला तर पुढची वेळ दीड महिन्यानं. कोविडमध्ये हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर टेस्टचा रिपोर्ट मागत होते ते वेगळंच. 2025 च्या फेब्रुवारीत परत बस बंद. मिरजेला जायचं असेल तर रेल्वे बघा, ती अशा वेळी सहसा चालू असते. एक नोव्हेंबरला इकडं राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवशीची वेळ घेऊच नका. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानसौधात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा हायवेवर पोलीस आणि मोर्चे असतात, म्हणून तासभर आधी निघा. गणपती विसर्जनाच्या दिवशी गावात रिक्षाही मिळत नाही.

तातडीला मात्र यातलं काही बघू नका, सरळ 108. नंबर दोन्ही राज्यांत तोच. पलीकडचा माणूस कानडीत सुरुवात करेल, तुम्ही मराठी-हिंदीत बोला आणि पत्ता सांगताना घर नंबर नाही, खूण सांगा: दुसरं रेल्वे गेट, आरपीडी कॉर्नर, गोवावेस. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यांचे जुने रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा. जाड पिशवी, कारण जुलै.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर सोलापूरचं नवं जोडपं आलंय. परवा ती मुलगी उत्साहानं खाली आली, म्हणाली, "काकू, सात वाजता जाऊन वहीत नाव लिहिलं, चौथा नंबर मिळाला!" मी विचारलं, "ओटी आहे का विचारलंस?"

ती तशीच परत पळाली.