लाकडी किट: आधी रंग, मग गोंद

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाच्या (1:87, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान) लाकडी मालधक्क्याला जोडणी झाल्यावर जुनाट रंग द्यायला गेलात, तर सांध्यांपाशी फिकट डाग उरतात. गोंद प्यायलेलं लाकूड रंग पीत नाही. म्हणून क्रम उलटा करा.

1. 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चमचाभर काळी ड्रॉइंगची शाई मिसळा.
2. फळ्या सुट्या असतानाच दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवा. एकाच बाजूला लावलं तर पातळ फळी पापडासारखी वाकते.
3. सुकल्या की रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा, मग चिकटवा.

दोन-चार फळ्यांना दुसरा हात द्या. पावसापाण्याने करडं पडलेलं लाकूड असंच दिसतं, सगळीकडे सारखं कधीच नाही.

अल्कोहोल चटकन पेट घेतं; खिडकी उघडी ठेवा, दिवा-उदबत्ती लांब.