पीएच.डी.चा गाईड निवडताना सायटेशनचे आकडे कसे वाचायचे

नाशिकमध्ये एम.एस्सी. करणारी मुलं शेवटच्या सेमिस्टरला माझ्याकडे येतात ती एकच प्रश्न घेऊन: "मॅडम, या सरांची सायटेशन्स चार हजार आहेत, त्या मॅडमची नऊशे. कुणाकडे अर्ज करू?" सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेला संदर्भ. मी इनऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. माझं सांगणं असं, की ज्याच्या लॅबमध्ये पाचेक वर्षं काढायची, त्याच्या पेपरांना अर्जाआधी एक सबंध दुपार द्या.

पहिलं काम, माणूस तोच आहे याची खात्री. आपल्याकडे पाटील, पवार, जाधव यांना तोटा नाही, 'एस. पाटील' या एका नावाखाली कितीतरी जणांचे पेपर मिसळतात. ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख) सोळा अंकी क्रमांक मिळाला तर उत्तम. गूगल स्कॉलरचा आकडा स्कोपस या दुसऱ्या सायटेशन-डेटाबेसशी ताडून पाहा. स्कॉलर थिसिस आणि प्रीप्रिंटही (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा दिसतो.

मग एच-इंडेक्स, म्हणजे किमान तितकीच सायटेशन्स असलेले किती पेपर आहेत याचा सर्वांत मोठा आकडा. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला. समजा सहा पेपरांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन मिळालं. किमान चार सायटेशन्स असलेले पेपर चार तरी आहेत, पण किमान पाच असलेले पाच नाहीत; म्हणून एच ४. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कमी कधीच होत नाही. तिशीतल्या आणि साठीतल्या संशोधकाची त्यावरून तुलना करणं अन्यायाचं आहे.

आता यादी सायटेशनऐवजी वर्षाप्रमाणे लावा आणि तिचे तीन भाग करा: पीएच.डी.चे पेपर, पोस्टडॉकचे (पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये केलेल्या संशोधनाचे), आणि स्वतःची लॅब सुरू झाल्यानंतरचे. नावापुढे करस्पाँडिंग ऑथरची (पेपरची जबाबदारी घेणारा, बहुधा लॅबचा प्रमुख) खूण कुठून सुरू होते ते बघा. चार हजारांतली तीन हजार एखाद्या नामांकित परदेशी लॅबमधल्या पोस्टडॉकच्या दोन पेपरांची निघाली, तर तुम्ही ज्या लॅबमध्ये जाणार तिच्याबद्दल त्या आकड्याने फारसं काही सांगितलेलं नाही.

रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, वेगळे काढा. मियाउरा आणि सुझुकी यांच्या १९९५ च्या रिव्ह्यूला हजारोंनी सायटेशन्स आहेत, कारण कपलिंगवर (दोन रेणूंचे तुकडे जोडणारी अभिक्रिया) लिहिणारा प्रत्येक जण आधी तिथेच बोट दाखवतो. सॉफ्टवेअरचंही तसंच. क्रिस्टल स्ट्रक्चर सोडवायला वापरतात त्या शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा शेल्ड्रिक यांचा लेख २००८ मध्ये आला, आणि तो छापणाऱ्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या अलीकडच्या लेखांना मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी) सुमारे २ वरून २००९ मध्ये जवळजवळ ५० वर गेला. बाकीचे लेख होते तसेच होते. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून एखाद्या पेपरची किंमत का ठरवू नये, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण हेच.

खरी दुपार पुढच्या कामाला लागते, आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्या लॅबचा एक पेपर निवडा, स्कॉलरवर त्याखालचं 'साइटेड बाय' उघडा, आणि त्याचा संदर्भ देणारे पाच-सहा पेपर प्रत्यक्ष डाउनलोड करा. संदर्भ कुठे आलाय? प्रस्तावनेत पंधरा संदर्भांच्या जुडीत आला असेल तर तो निव्वळ हजेरीपट आहे. पण एक्सपेरिमेंटल भागात "हा लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) अमुक पद्धतीने बनवला" असं लिहून आला असेल, तर दूरच्या कुठल्यातरी लॅबमध्ये कुणीतरी श्लेंक लाइनवर (हवा दूर ठेवून काम करायची काचेची मांडणी) ती कृती करून बघितली आणि ती जमली. ऑरगॅनोमेटॅलिकमध्ये (धातू-कार्बन बंध असलेल्या संयुगांच्या शाखेत) हवा-पाण्याने बरीच संयुगं बिघडतात, त्यामुळे दुसऱ्याच्या हाताने यील्ड (अपेक्षित पदार्थ पुरेसा मिळणं) येणं हा फार मोठा दाखला आहे. अशी दहा सायटेशन्स मला जुडीतल्या दोनशेंपेक्षा जास्त पटतात. संदर्भ देणारे बहुतेक पेपर त्याच गटाचे नाहीत ना, हेही याच वेळी तपासा.

आकडा लहान असला म्हणून माणूस लगेच बाद करू नका. ओलेफिन मेटाथेसिस या अभिक्रियेची (दुहेरी बंधांच्या जोड्यांची अदलाबदल) यंत्रणा शोव्हाँ यांनी १९७१ मध्ये मांडली ती फ्रेंचमध्ये, पॉलिमरच्या एका जर्नलमध्ये. नोबेल मिळालं २००५ मध्ये, ग्रब्ज आणि श्रॉक यांच्यासोबत. उलट, सुझुकी कपलिंग आज इतकं रुळलंय की १९७९ च्या मूळ पेपरचा संदर्भ न देताही लोक ते नाव लिहून मोकळे होतात.

शेवटी शोधगंगावर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे थिसिस शोधा. एक्सपेरिमेंटलचं प्रकरण वाचा, एनएमआरचे स्पेक्ट्रा (रेणूची रचना दाखवणारे आलेख) बघा, थिसिसमधलं किती काम पेपर म्हणून आलं ते जुळवा. मग त्या गटातल्या एखाद्या विद्यार्थ्याला ईमेल करून विचारा: ग्लव्हबॉक्स (हवेशिवाय काम करायची बंद पेटी) चालू असतो का, आणि पहिला पेपर यायला साधारण किती वर्षं लागतात?