अमेरिकेतली मुलं आणि बंदुका: आकडा हाती आला की आधी काय विचारायचं

"अमेरिकेत मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक." हे वाक्य तुमच्या कानावर आलंच असेल. इथे ओहायोत निवडणूक जवळ आली की ते दारात पडणाऱ्या पत्रकांवर दिसतं. एखाद्या शाळेत गोळीबार झाला की कोल्हापूरहून जाऊबाईंचा मेसेज येतो, "अगं, काय चाललंय तिकडे? मुलांना घेऊन सरळ परत या." आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या पॉटलकला कुणीतरी हातात ताटली धरून ठासून सांगतं की हे सगळं मीडियाने फुगवलंय, याच्यापेक्षा जास्त मुलं घरच्या स्विमिंग पूलमध्ये बुडून मरतात. गंमत अशी की दोन्हीकडचे आकडे हवेतून आलेले नसतात. कुठल्या तरी खऱ्या तक्त्यातून उचललेले असतात, आणि उचलताना त्यांचा आगापिछा मागेच राहिलेला असतो.

मी एका हॉस्पिटलच्या डेटा विभागात काम करते. मृत्यूच्या नोंदी, वयोगट, कोड यांतच दिवस जातो. त्यामुळे असा आकडा समोर आला की मी काय करते, ते इथे लिहिते. गणित चौथीच्या पुढचं लागत नाही.

मूल म्हणजे किती वर्षांचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण निम्मी भांडणं इथेच आहेत. ते गाजलेलं वाक्य प्रामुख्याने २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका छोट्या पत्रातून पसरलं. त्यात २०२० ची आकडेवारी होती आणि वयोगट होता १ ते १९. म्हणजे दोन्ही टोकांना कात्री लागलेली. खालच्या टोकाला एक वर्षाच्या आतली बाळं वगळली. त्याला कारण आहे: अमेरिकेत वर्षाला साधारण २० हजार तान्ही बाळं दगावतात, त्यातली बरीचशी जन्मजात दोष आणि अपुऱ्या दिवसांमुळे. ती धरली तर बाकीची सगळी कारणं त्याखाली झाकून जातात. मला ही कात्री रास्त वाटते.

वरच्या टोकाला मात्र १८ आणि १९ वर्षांची मुलं आत घेतली. ती मतदान करतात, सैन्यात जातात, केंद्रीय कायद्याप्रमाणे दुकानातून रायफलही विकत घेऊ शकतात. त्यांना 'मूल' म्हणायचं का? २०२१ चे आकडे पाहा. १९ वर्षांपर्यंतचे बंदुकीचे मृत्यू ४,७५२. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने १८ च्या आतले मोजले, ते २,५९०. म्हणजे जवळपास ४५ टक्के मृत्यू फक्त त्या शेवटच्या दोन वर्षांतले. वॉशिंग्टन पोस्टच्या ग्लेन केसलर यांनी हेच धरून दाखवलं की २०२० मध्ये १८ च्या आतलीच मुलं घेतली आणि वाहनांचे अपघात व्यापक अर्थाने मोजले, तर पहिला नंबर अजून वाहनांचाच होता.

पॉटलकवाले इथे टाळी वाजवतात आणि थांबतात. आपण थांबायचं नाही. "बरं, १८-१९ काढून टाकू" म्हणायचं आणि उरलेलं बघायचं. १८ च्या आतले बंदुकीचे मृत्यू २०१९ मध्ये १,७३२ होते, २०२१ मध्ये २,५९०. दोन वर्षांत ५० टक्के वाढ, आणि एकही मतदार त्यात नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अहवालात २०२२ साठी १ ते १७ या गटाचा आकडा २,५२६ आहे, आणि तिथेही बंदूक पहिल्या नंबरावरच आहे. वयाची रेघ हलवली की नंबर एक-दोन होतो, पण चढण तशीच राहते.

आणखी एक. पत्रकावर फोटो नेहमी बालवाडीतल्या मुलाचा असतो. प्यूच्या २०२१ च्या आकड्यांत ८६ टक्के मुलं १२ ते १७ वर्षांची होती, ८३ टक्के मुलगे. फोटो बघून जे वय डोळ्यांपुढे येतं, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

मृत्यू कसा झाला?

'बंदुकीने मृत्यू' हा एक डबा नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हेतूप्रमाणे वेगवेगळे कोड पडतात: अपघात, आत्महत्या, हत्या, पोलिसांची कारवाई, आणि हेतू ठरवता न आलेले. १८ च्या आतल्या मुलांत २०२१ मध्ये ६० टक्के हत्या, ३२ टक्के आत्महत्या आणि ५ टक्के अपघात होते.

आता यात एक खोच आहे. सीडीसी, म्हणजे केंद्र सरकारचं रोगनियंत्रण केंद्र, 'मृत्यूची प्रमुख कारणं' म्हणून जी नेहमीची यादी काढतं, तिच्यात 'बंदूक' अशी ओळच नसते. तिथे अपघाती इजा, हत्या, आत्महत्या अशा ओळी असतात, आणि मुलांमध्ये अपघाती इजा पहिली येते, कारण वाहनं, बुडणं, विषबाधा सगळं एकाच ओळीत. बंदूक पहिली येते ती तीन-चार ओळींतले तुकडे साधनाप्रमाणे एकत्र केले की. दोन्ही मांडण्या रास्त आहेत. पण कुणी अधिकृत यादीचा स्क्रीनशॉट पाठवून "बघा, बंदुकीचं नावच नाही" म्हणालं, तर तो काय दाखवतोय हे आता तुम्हाला कळेल.

तुकडे वेगळे केल्यावर आणखी काही दिसतं. त्या वर्षी १८ च्या आतल्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय मुलं १४ टक्के, बंदुकीच्या मृत्यूंत मात्र ४६ टक्के. त्यांच्यातले ८४ टक्के मृत्यू हत्येचे. गोऱ्या मुलांत ६६ टक्के आत्महत्या. म्हणजे एकाच मथळ्याखाली दोन निरनिराळी संकटं आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. जो वक्ता हा फरक न करता एक बेरीज फेकतो, तो कुठल्याही बाजूचा असो, मी त्याचं पुढचं जरा सावधपणे ऐकते.

अपघाताच्या ५ टक्क्यांबद्दलही थोडं. हा आकडा कमी नोंदलेला असण्याची शक्यता आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१३ मध्ये आठ राज्यांतल्या १५ च्या आतल्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अपघाती मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त अपघात म्हणून नोंदलेलेच नव्हते. भावाच्या हातून भावाला गोळी लागली की बरेच वैद्यकीय तपासनीस 'हत्या' लिहितात, कारण त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या हातून मृत्यू म्हणजे हत्या. मुद्दाम केलं की नकळत, हा त्यांचा प्रश्न नसतो.

कशाने भागलंय?

पूलवाल्या युक्तिवादाचं मूळ अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांच्याकडे आहे. त्यांचा हिशेब असा: दहा वर्षांखालची साधारण ५५० मुलं वर्षाला बुडतात, घरगुती पूल ६० लाख, म्हणजे ११ हजार पूलमागे एक मूल. बंदुकीने त्याच वयाची १७५ मुलं, बंदुका २० कोटी, म्हणजे दहा लाखांहून अधिक बंदुकांमागे एक. हिशेब बरोबर आहे. पण छेद बघा. पूल घराला एकच असतो, बंदुका एकेका कपाटात पाच-सहा असतात. घरांनी भागलं तर ती दरी बरीच कमी होईल. आणि वय दहापर्यंतच का? कारण बुडण्याचा धोका लहानपणी जास्त आणि बंदुकीचा बारा-तेरानंतर. आपण वर पाहिलंच. ज्यांचं अंगण पूलवालं आहे त्यांनी पूलला कुंपण घालावं, अगदी जरूर. त्याने बंदुकीचा प्रश्न सुटत नाही.

दुसऱ्या बाजूचा असाच लाडका आकडा म्हणजे ४३. "घरातली बंदूक चोरापेक्षा घरच्याच माणसाचा जीव घेण्याची शक्यता ४३ पट." हा आर्थर केलरमन यांच्या १९८६ च्या अभ्यासातला. सिएटल शहराच्या किंग काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) सहा वर्षांत घरातल्या बंदुकीने स्वसंरक्षणार्थ झालेल्या दर एका हत्येमागे १.३ अपघाती मृत्यू, ४.६ गुन्हेगारी हत्या आणि ३७ आत्महत्या. बेरीज करा, ४३ येते. त्यातल्या ३७ आत्महत्या आहेत हे घोषणा देणारा सांगत नाही. शिवाय स्वसंरक्षण तेव्हाच मोजलं, जेव्हा समोरचा मेला. बंदूक बघून चोर पळाला तर तो हिशेबात नाही. एक काउंटी, चाळीस वर्षांपूर्वीची. माझ्या मते हा आकडा आता निवृत्त करायला हवा. त्यातल्या ३७ ला मात्र नाही.

मोजलं कुणी, आणि कसं?

२०१५-१६ या शालेय वर्षासाठी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने जाहीर केलं की जवळपास २४० शाळांत गोळीबाराची किमान एक घटना झाली. एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या पत्रकारांनी शाळांना फोन लावले. खात्री पटली फक्त ११ घटनांची. १६१ ठिकाणी उत्तर आलं, असं काही घडलंच नाही. आमच्याच राज्यातल्या क्लीव्हलँडच्या नावावर ३७ होते. ते ३७ म्हणजे चाकू किंवा बंदूक सापडलेल्या शाळा. फॉर्मवरच्या आदल्या ओळीचा आकडा एक ओळ खाली भरला गेला होता. सरकारी तक्ता असला तरी तो कुठल्या तरी कार्यालयात कुणीतरी संध्याकाळी पाच वाजता भरलेला असतो, एवढं लक्षात ठेवा.

खासगी याद्यांतही व्याख्या बघायची. काही याद्यांत शाळेच्या आवारात बंदूक नुसती उगारली तरी ती घटना धरतात, रात्री रिकाम्या पार्किंगमधली गोळीही धरतात. त्या तसं लपवत नाहीत. पण बातमीचा मथळा होईपर्यंत 'शाळेतला गोळीबार' एवढंच उरतं आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो.

आकडा ऐकताना कधी कधी नुसता कागद-पेन्सिल घेऊनही काम होतं. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी सांगितलेलं उदाहरण घ्या. १९९५ मध्ये एका प्रबंधाच्या आराखड्यात वाक्य होतं, १९५० पासून गोळीने मेलेल्या मुलांची संख्या दरवर्षी दुप्पट झाली. १९५० मध्ये एकच मूल धरा. १९६० मध्ये १,०२४. १९७० मध्ये १० लाख ४८ हजार. १९८० मध्ये १०७ कोटी, आणि तेव्हा अमेरिकेची सगळी लोकसंख्याच २३ कोटींच्या आत. मूळ वाक्य चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं होतं आणि साधं होतं: दर वर्षी मरणाऱ्या मुलांची संख्या १९५० च्या तुलनेत दुप्पट झाली. 'दरवर्षी' हा शब्द वाक्यात सरकला आणि पृथ्वीवरची माणसं पुरेनात.

स्वतः काढून बघायचं असेल तर

सीडीसी वंडर ही साइट कुणालाही फुकट उघडते. 'अंडरलाइंग कॉज ऑफ डेथ' निवडा, अटी मान्य करा. वय एकेका वर्षाने निवडता येतं, म्हणजे १७ वर थांबायचं की १९ वर हे तुमच्या हातात. कारणाच्या भागात आयसीडी कोडऐवजी (म्हणजे आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय कोडऐवजी) 'इंज्युरी इंटेंट अँड मेकॅनिझम' घ्या, मेकॅनिझममध्ये 'फायरआर्म'. मग तक्ता आधी वर्षाप्रमाणे पाडा, नंतर हेतूप्रमाणे. ताज्या महिन्यांचे आकडे तात्पुरते असतात, पुढे बदलतात, म्हणून पूर्ण झालेलं वर्ष घ्यावं.

आपल्या काउंटीचा आकडा काढायला गेलात तर बहुधा 'सप्रेस्ड' दिसेल. एक ते नऊ मृत्यू असतील तर ओळख उघड होऊ नये म्हणून ते आकडा दाखवत नाहीत, आणि वीसच्या खाली असेल तर दराला 'अनरिलायबल' म्हणतात. त्यामुळे स्थानिक नेता "आपल्याकडे मुलांचे मृत्यू १०० टक्क्यांनी वाढले" म्हणाला, तर दोनाचे चार झाले का, हे आधी विचारा. दोन हेही दोन घरं असतात, पण त्याला कल म्हणत नाहीत.

या विषयावर संशोधन विरळ का, असं वाटलं तर त्याला इतिहास आहे. १९९६ मध्ये आर्कान्सासचे खासदार जे डिकी यांच्या नावाची तरतूद आली: सीडीसीचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही. जोडीला २६ लाख डॉलर कापले, नेमके तेवढेच जे आदल्या वर्षी बंदुकीच्या संशोधनावर गेले होते. इशारा सगळ्यांना कळला. २०१२ मध्ये डिकी यांनी स्वतःच लिहिलं की संशोधन व्हायला हवं. पैसे सुटले ते २०१९ च्या अखेरीस, सीडीसी आणि एनआयएच (केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन संस्था) मिळून अडीच कोटी डॉलर.

घरात याचा उपयोग काय?

आपल्या लोकांत बहुतेकांच्या घरी बंदूक नसते, म्हणून विषय 'त्यांचा' वाटतो. मुलं मात्र त्यांच्याच घरी स्लीपओव्हरला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, जातात. २०१५ च्या एका सर्वेक्षणावरून केलेल्या अंदाजाप्रमाणे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलूप न लावलेली होती. शाळेतल्या हल्ल्याच्या भीतीने आपण झोप घालवतो. वर आलेला आत्महत्यांचा ३२ टक्क्यांचा आकडा, म्हणजे अभ्यासाने किंवा एकटेपणाने खचलेला पंधरा वर्षांचा मुलगा आणि बाबांचं उघडं कपाट, त्याच्याबद्दल मंडळात मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. मूल खचलेलं दिसलं तर ९८८ या आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनवर इथे कधीही फोन करता येतो, आईवडिलांनीही केला तरी चालतो.

मी स्लीपओव्हरआधी दुसऱ्या आईला फोन करते. शेंगदाण्याची अॅलर्जी सांगते, कुत्रा आहे का विचारते, पूल आहे का विचारते, आणि त्याच दमात, त्याच आवाजात, घरात बंदूक आहे का आणि कशी ठेवता ते विचारते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं सोपं आहे: बंदूक रिकामी, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. बंदूक बाळगणारे बहुतेक जण यावर चिडत नाहीत, उलट आपली तिजोरी कुठे आहे ते सांगतात. उत्तर गुळमुळीत आलं तर मी म्हणते, "त्यापेक्षा तुमच्याच मुलाला आमच्याकडे पाठवा, मी पावभाजी करतेय." मग खरंच करावी लागते, तेवढी तयारी ठेवा.