दान करायची गोधडी: चिंध्यांपासून शेवटच्या धुण्यापर्यंत

घरच्यासाठी शिवलेली गोधडी उसवली तर चार टाके घालणारं कुणीतरी घरातच असतं. दान दिलेल्या गोधडीला ती सोय नसते. वृद्धाश्रमात ती वरचेवर गरम पाण्यातून निघते, आश्रमशाळेत दोरीवर ताणून वाळत पडते, ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थेट जमिनीवर अंथरली जाते. सुटलेला टाका तिथे सुटतच जातो. म्हणून कापड निवडण्यापासून शेवटची गाठ मारण्यापर्यंत एकच गोष्ट डोळ्यासमोर ठेवायची: ही गोधडी अनोळखी हातांनी, जोर लावून, पुन्हा पुन्हा धुतली जाणार आहे.

आधी विचारा, मग कापा

गोधडी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय मापं घेऊ नका. संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचारा: कुणासाठी हवी, कपडे हातानं धुतात की यंत्रात, आणि जुन्या कापडाची वस्तू घेतात का. नवजात शिशुविभागात जुनं कापड बऱ्याचदा चालत नाही.

उत्तरांवरून थर ठरतात. वृद्धाश्रमासाठी तीनच थर घ्या: वरचा ठिगळांचा, मधे एक, खाली अस्तर. जाड गोधडी भिजली की दोन माणसांनाही पिळता येत नाही, आणि तिथे अंथरूण वारंवार धुवावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबं पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढतात. त्यांच्यासाठी पाच थर हवेत, रंग गडद हवेत आणि गुंडाळून बांधायला नाडी हवी. ही गोधडी दसऱ्याआधी पोचली पाहिजे, थंडी पडल्यावर नव्हे. बाळांसाठी ३० × ३६ इंचांचं दुपटं पुरतं, पण झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते अंथरण्यासाठी आहे असं देताना स्पष्ट सांगा.

पुढची मापं एका मोठ्या माणसाच्या, ६० × ८० इंचांच्या पाच थरी गोधडीची आहेत.

लागणारं सामान

- सुती चिंध्या, पाऊण ते एक किलो
- जुन्या सुती सहावारी साड्या, २
- डबलबेडची धडकी सुती चादर, किमान ९० × १०० इंच (अस्तर आणि गोट, म्हणजे कडेची पट्टी, दोन्हींसाठी)
- जाड सुती दोरा, कच्च्या (शेवटी उसवायच्या) टाक्यांसाठी वेगळ्या रंगाचा साधा दोरा
- दोन-अडीच इंची जाड सुया, अंगुस्तान, मेणाचा तुकडा, टाचण्या, मेजर टेप

चिंध्यांची निवड

काम बिघडतं ते बहुतेक इथेच. शिंप्याकडच्या कतरणीत सुती, टेरीकॉट, सिंथेटिक सगळं एकत्र असतं. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही शेजारी शिवली की पहिल्याच धुण्यात पॉलिस्टरचा तुकडा फुगून वर येतो. शिवाय ते घाम शोषत नाही आणि गरम इस्त्रीनं वितळतं. हातानं कळत नसेल तर एक धागा उपसून ताटलीत जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टरची कडक गोळी होते.

मग ताकद बघा. तुकडा दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून उभा आणि आडवा ओढा. चर्र असा आवाज आला किंवा विरळ झाला तर तो वरच्या थरात नको, मधल्या थरात चालेल. जुनं, मऊ, विरलेलं कापड ऊब चांगली देतं, फक्त त्याला घासणं सोसत नाही. म्हणून विरलेलं आत, धडकं बाहेर. जीन्सचे तुकडे ठेवू नका, त्यांच्या जोडावर सुई अडते. जर, टिकल्या, हुक, बटणं सगळं काढून टाका. जरीची तुटलेली तार अंगाला टोचते आणि मुलं टिकल्या तोंडात घालतात.

रंग जातो का हे तपासायला ओला पांढरा रुमाल तुकड्यावर घासा. लाल, मरून आणि निळीच्या रंगाचे तुकडे तर कोमट पाण्यात वेगळे भिजवाच. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो या भरवशावर राहू नका. तिसऱ्या पाण्यातही रंग निघत असेल तर तुकडा कितीही आवडता असो, बाजूला ठेवा. एक ब्लाऊजपीस अख्ख्या गोधडीवर डाग पाडतो.

आता साड्या आणि चादरीसह सगळं धुवा, वाळवा, इस्त्री करा. कोरं कापड न धुता वापरलं तर ते आतच आटतं आणि जुन्या कापडाला ओढतं.

वरचा थर: चौकोन नको, पट्ट्या करा

चौकोन चौकोनाला जुळवलेली गोधडी सुंदर दिसते, पण त्यासाठी सगळे तुकडे सारखे लागतात आणि निम्म्या चिंध्या वाया जातात. दानासाठी उभ्या पट्ट्यांची पद्धत जास्त बरी. प्रत्येक तुकडा ६ इंच रुंद कापायचा, लांबी ४ ते १० इंचांत कितीही. चार इंचांहून लहान घेतला तर जोड फार होतात आणि सुई जड जाते. तुकडा अरुंद असेल तर साडेतीन इंचांचे दोन आधी जोडा, माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) जाऊन बरोबर सहा राहतात.

माया अर्धा इंच ठेवा. नव्या कापडाला पाव इंच पुरते, पण कतरणीचे धागे सुटतात आणि पाव इंच माया चार-सहा धुण्यांत उसवून शिवणीपर्यंत येते.

ब्लाऊजच्या कतरणीत मुंढ्याचे आणि गळ्याचे तुकडे पुष्कळ असतात आणि त्यांत उरेप, म्हणजे कापडाची ताणली जाणारी तिरकी बाजू, कुठे आहे हे पटकन दिसत नाही. तुकडा सगळीकडून ओढून बघा. जिकडे सर्वांत कमी ताणला जातो ती बाजू पट्टीच्या लांबीत आली पाहिजे. उरेप तुकडे लांबीत लागले तर पट्टी हातातच वाढते आणि गोधडीची कड लाटांसारखी होते. मग गोट लावूनही ती सरळ होत नाही.

तुकडे टोकाला टोक जोडत ८२ इंचांच्या १२ पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीत साधारण १३-१४ तुकडे बसतात. मशीनवर इंचाला १०-१२ टाके ठेवा. हातानं शिवणार असाल तर धावदोरा घाला, पण दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याला एक उलटा टाका घ्या. पट्ट्या शेजारी मांडल्यावर दोन पट्ट्यांचे आडवे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. तिथे मायेचे पदर साचतात आणि सुई तुटते. त्यासाठी एकाआड एक पट्टी छोट्या तुकड्यानं सुरू करा. गडद तुकडे सगळीकडे विखरून टाका. एका कोपऱ्यात सगळे जमले तर गोधडी तिथे मळल्यासारखी दिसते.

पट्ट्या एकमेकींना जोडताना एक वरून खाली शिवली तर पुढची खालून वर शिवा. सगळ्या एकाच दिशेनं शिवल्या तर थर तिरका होत जातो. बारा पट्ट्या जोडल्यावर रुंदी ६१ इंच भरेल. माया एका बाजूला दाबून इस्त्री करा.

मधले थर आणि अस्तर

प्रत्येक सहावारीचे आडवे तीन समान तुकडे करा. एक तुकडा साधारण ७२ इंच लांब आणि ४४-४५ इंच रुंद येतो. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एक थर होतो, म्हणजे दोन साड्यांचे तीन थर. जोडताना काठ अर्धा इंच एकावर एक ठेवून सपाट टीप मारा, नेहमीची शिवण घालू नका. आतली उंचावलेली शिवण पाठीला टोचते. तिन्ही थरांचे जोड एकाच जागी नकोत: एकाचा मध्यावर, दुसऱ्याचा तीन इंच वर, तिसऱ्याचा तीन इंच खाली.

अस्तर चादरीतून ६४ × ८४ इंच कापा. उरलेल्या लांब पट्टीतून गोटासाठी ३ इंच रुंदीच्या चार पट्ट्या काढून ठेवा.

मांडणी

फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलटी बाजू वर करून पसरा आणि कडांवर जड डबे ठेवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून शिवलेलं अस्तर सोडल्यावर आखडतं आणि वरच्या थराला चुण्या पडतात. एकेक साडीचा थर टाकत तळहातानं मध्यापासून कडेकडे हवा काढा. सगळ्यांत वर ठिगळांचा थर, सुलट बाजू वर.

कच्च्या टाक्यांचा कंटाळा करू नका. मध्यापासून कडेकडे, तीन-चार इंच लांब टाक्यांनी, दर आठ इंचांवर उभी आणि आडवी रेघ घाला. नुसत्या टाचण्यांवर पाच थर टिकत नाहीत. गोधडी मांडीवर घेतली की मधली साडी सरकते आणि ते कळतं तेव्हा अर्धी गोधडी शिवून झालेली असते. आधी टाचण्या मोजून ठेवा, शेवटी तेवढ्याच मिळाल्या पाहिजेत.

धावदोरा

दोरा दोन हातांहून लांब घेऊ नका. लांब दोरा पीळ खातो आणि प्रत्येक टाक्याला घासून कमजोर होतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. बारीक नायलॉनचा दोरा वापरू नका, तो मऊ जुन्या सुताला कापतो.

प्रत्येक पट्टी पाच इंच रुंद दिसते. तिच्यात शिवणीपासून अर्ध्या, दीड, अडीच, साडेतीन आणि साडेचार इंचांवर अशा पाच रेघा घाला. म्हणजे दोन रेघांत सगळीकडे एक इंच अंतर राहतं, शिवणीच्या जाड जागेवर एकही रेघ येत नाही आणि आतली माया आपोआप खाली बसते. रेघांत दोन इंच अंतर ठेवलं तर काम निम्मं होतं हे खरं, पण पिळताना मधले थर आत गोळा होतात आणि ते पुन्हा पसरवता येत नाहीत. इंचाला तीन-चार टाके पुरेत. त्याहून लांब टाक्यात पायाचं बोट किंवा बांगडी अडकते.

एकूण रेघा ६०, प्रत्येकी ८० इंच, म्हणजे सुमारे १२२ मीटर. टाक्यांच्या वर-खाली आणि गाठींत जाणारा धरून एकेरी दोरा दीडशे ते पावणेदोनशे मीटर लागतो, दुहेरी घेतलात तर दुप्पट. एका रेघेला वीस मिनिटं धरली तर एकटीचं काम वीस तासांचं.

आपल्याकडच्या जुन्या हाताच्या बायका कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत जातात, आणि त्यांच्या गोधड्या अगदी सपाट बसतात, कारण प्रत्येक टाक्याला त्यांचा दुसरा हात खालून कापड सारखं करत असतो. तो हात बसलेला नसेल तर कडेकडून ढकललेलं कापड मध्यात जमून फुगा येतो. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गोधडीला मधल्या पट्टीपासून सुरू करून दोन्ही बाजूंना जा. दर दोन-तीन रेघांनी गोधडी उलटून अस्तर बघा. दुमड शिवली गेली असेल तर तीन रेघा उसवणं सोपं, तीस नव्हे.

बऱ्याच जणी मिळून शिवत असाल तर डावी बाजू एकीची, उजवी दुसरीची अशी वाटणी करू नका. प्रत्येकीचा हात वेगळा ओढतो आणि गोधडी एका बाजूला आखडते. एकाआड एक रेघ वाटून घ्या.

दोऱ्याची सुरुवात आणि शेवट नुसत्या गाठीवर सोडू नका. गाठ वरच्या थरातून आत ओढा आणि जागेवर दोन उलटे टाके घ्या. धुण्यात गाठ सुटली तरी रेघ उसवत नाही.

गोट आणि कोपरे

कच्चे टाके उसवा आणि पाचही थर एकत्र ६० × ८० इंचांवर कापा. अस्तरच वर दुमडून कड बंद करता येते, पण तसं करू नका. गोधडी सर्वांत आधी कडेला फाटते, कारण पांघरताना आणि वाळत घालताना तिथेच ओढली जाते. वेगळा गोट असेल तर तेवढाच बदलता येतो.

पट्टीची सुलट बाजू गोधडीच्या सुलट बाजूवर ठेवून अर्ध्या इंचावर बखिया (सलग उलटे टाके) घाला. मग पट्टी मागे वळवून अर्धा इंच आत दुमडा आणि दाट टाक्यांनी बसवा. पुढून सुमारे अर्धा इंच आणि मागून जवळपास दीड इंच दिसेल. आधी दोन्ही लांब बाजू पूर्ण करा. मग आखूड बाजूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना एकेक इंच जास्त ठेवून, ती टोकं आत दुमडून शिवा. कोपऱ्यावर दोनदा टीप मारा. पट्टी लावताना ती ओढू नका, नाहीतर कड गोळा होते.

एका आखूड बाजूच्या मध्यावर १८-१८ इंचांच्या दोन नाड्या गोटातच शिवून घ्या. मागच्या कोपऱ्यात ४ × ६ इंचांचं पांढरं कापड लावा. संस्थांना नाव किंवा खाटेचा नंबर लिहावा लागतो, आणि जागा नसेल तर ते सरळ ठिगळांवर लिहितात.

देण्यापूर्वी

टाचण्या-सुया मोजा आणि संपूर्ण गोधडीवरून लोहचुंबक फिरवा. थरांमध्ये राहिलेली सुई हातानं चाचपून सापडतेच असं नाही. मग संस्थेत धुतील तशीच एकदा धुवा, सुगंधी द्रव न घालता. या धुण्यात रंग सुटला, एखादी शिवण उघडली किंवा गोट आखडला तर घरातच दुरुस्त होतं.

उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. वरून कोरडी वाटली तरी मध्यभाग ओला असतो. दोन तळहातांत दाबून गार लागली तर अजून एक दिवस ऊन द्या. ओलसर गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली की आठवड्यात बुरशीचा वास धरते, म्हणून ती उशीच्या अभ्र्यात किंवा जुन्या ओढणीत बांधून पाठवा. तिच्यात डांबरगोळ्या ठेवू नका. नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास लागलेल्या कपड्यांमुळे जी-६-पी-डी (रक्तपेशींना जपणारं एक विकर) याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते, आणि आपली गोधडी पुढे कुणाच्या घरात जाईल हे आपल्या हातात नसतं. चिठ्ठीवर थर किती, कापड सुती आहे आणि गरम पाण्यात चालते की नाही, एवढं लिहा. सोबत त्याच चादरीचा हातभर उरलेला तुकडा आणि थोडा दोरा द्या, पहिलं ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.